गेरू लावलेलं झाड

॥ श्री ॥
पार्सिपनी, न्यू जर्सी
मंगळवार, २ जून २०२६ (अधिक ज्येष्ठ)

चि. सौ. रत्नास,
ताईचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पार्सल काल दुपारी पोचलं. अनारशाचं पीठ एक डबा, कुळथाचं पीठ दोन पुड्या, हातवळणाच्या वाती, गुळाची ढेप आणि ऋतासाठी खणाचं परकर-पोलकं. एका पुडीचं तोंड सुटलं होतं, तेवढं पीठ चाळून घेतलं. टपालाचे अठरा डॉलर तू भरलेस हे वरच्या चिठ्ठीवर वाचलं आणि कपाळावर हात मारला. अगं, तेवढ्यात इथे तांदळाची पिशवी येते. माझ्या वहीत ते अठरा डॉलर ‘रत्नाचा वेडेपणा’ म्हणून मांडून ठेवलेत. अनारसे मात्र छान झाले, जाळी अशी पडली की अबोलीने आधी फोटो काढले आणि मग खाल्ले. देवाला तेहतीस मोजून ठेवले.

फोनवर का नाही सांगितलं म्हणून रुसू नकोस. माझा फोन गाडीत सगळ्यांसमोर वाजतो आणि अवधूत मध्येच बोलतो. आपलं ठरलेलंच आहे, फोनवर हवापाणी आणि पत्रात पोटातलं.

तर पोटातलं हे, की आम्ही चौघं, मुलगा-सून, नात आणि मी, समुद्रावर निघालोय. कॅरिबियनमधलं एक बेट आहे. तिथे फ्रेंच बोलतात, युरो चालतात, आणि देऊळ आहे का ते अवधूतला सांगता आलं नाही. आता सगळ्यांचे पासपोर्ट अमेरिकेचे झाल्यामुळे व्हिसाची कटकट नाही. एकवीस तारखेला निघून एकोणतीसला परत. घर भाड्याने घेतलंय, त्यात स्वयंपाकघर आहे, म्हणजे हॉटेलचा खर्च वाचला. मी तवा आणि पोळपाट नेणार. अबोली म्हणाली, आई, पोळपाट नको. बघू.

बीच निवडण्यावरून घरात आठवडाभर निवडणूक चालली होती. अवधूतला लाटा हव्यात. अबोलीला पांढरी वाळू आणि नारळाला बांधलेला झोपाळा हवा. ऋता टेबलावर चढून टर्टल्स टर्टल्स करते, तिला कासवांबरोबर पोहायचंय, आणि पाच वर्षांच्या मुलीला कासवांनी का म्हणून वेळ द्यावा हे विचारलं तर रडते. शेवटी अबोलीने तोड काढली. प्रत्येकाने एकेक बीच निवडायचा, त्या दिवशी बाकीच्यांनी कुरकुर करायची नाही. माझ्या वाट्याला गुरुवार पंचवीस तारीख आली. पंचांग काढलं तर नेमकी निर्जळा एकादशी! म्हटलं, पांडुरंगाने दिवससुद्धा निवडून दिला.

अवधूतने फोटो छापून फ्रिजवर लावले होते. एका ठिकाणी छत्र्यांची रांग, दिवसाचं भाडं ऐकून मी तो फोटो लगेच काढून टाकला. एका ठिकाणी वाळू कोळशासारखी काळी, ती बघून स्मशानच आठवलं. शेवटचा फोटो बघितला आणि हातातली पळी खाली ठेवली. वाळूच्या कडेला गर्द हिरवी झाडं, फांद्या जमिनीपर्यंत वाकलेल्या, आणि रत्ना, प्रत्येक बुंध्याला लाल पट्टा! आपल्या आप्पांचा गेरू! चुना नाही, पण गेरू तोच.

आठवतं ना, पाटणच्या रस्त्यावर आप्पा मुकादम होते तेव्हा मे महिन्यात गेरूची बादली घेऊन झाडांना पट्टे मारायला निघायचे? आपण दोघी डबा घेऊन जायचो आणि त्यांचं जेवण होईपर्यंत चिंचेखाली लोळायचो. ते म्हणायचे, गेरू लावलेल्या झाडाला सरकार मायबाप आहे, त्याच्याखाली बिनघोर झोपा. तीच मायबाप झाडं मला सातासमुद्रापार भेटली.

आणि गंमत बघ. फोटोत त्या सावलीत एकही माणूस नाही. सगळे पलीकडे उन्हात भाजत पडलेत. एवढी फुकट सावली आणि कुणाला नको! फोटोच्या कडेला एक पाटी अर्धी कापली गेलीय, तिच्यावर फ्रेंचमध्ये काहीतरी आहे. अबोली म्हणाली, ते काय आहे एकदा बघायला हवं. मी म्हटलं, झाडे लावा, झाडे जगवा असेल. तिने पुन्हा तोंड उघडलं तेव्हा मी म्हणाले, हे गेल्यापासून तुमच्या घरात आहे, आज पहिल्यांदा काही निवडायला दिलंत, तेही तपासून घेणार का? जरा जास्त बोलले का गं मी? पण खरं सांगू, बरं वाटलं.

तुझं मत लिही. तू हो म्हणालीस की माझं पक्कं. सुशांतला आशीर्वाद.

तुझी माया माझ्यावर आहे तशीच असू दे.
तुझी,
ताई

•

श्री
मॉरिसव्हिल, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, ७ जून २०२६

ती. ताईस,
रत्नाचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल मिळालं. पार्सलची पोच, हिशेब आणि टोमणा, तिन्ही पावलं. माझा वेडेपणा तू वहीत मांडतेस, तर तुझा पोळपाट विमानातून बेटावर जाणार तो कोणत्या खात्यात जाणार तेही लिही.

गेरूचं वाचलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मला तर आप्पांच्या हाताचा वासही आठवतो. त्या पट्ट्यांच्या झाडाखाली मला एकदा साप दिसला होता तेव्हा ते न घाबरता म्हणाले होते, तो बघ निघाला, त्यालाही सावली लागते. ताई, तुझं झाड पक्कं. आप्पांचं झाड सोडून छत्र्यांना पैसे मोजलेस तर मी बोलणार नाही तुझ्याशी.

एकच गोष्ट मनात राहिली, ती लिहून मोकळी होते. सावलीत एकही माणूस नाही, हे तू गंमत म्हणून लिहिलंस. मी भांडी घासताना तेच आठवत राहिले आणि मला कसंसंच वाटलं. पाटणच्या रस्त्यावर गेरूच्या झाडाखाली कधी जागा रिकामी मिळाली आहे का? बैलगाडीवाले, एसटीची वाट बघणारे, कोणी ना कोणी असायचंच. सुशांतला सांगितलं तर तो म्हणाला, मावशीला म्हणावं एन्जॉय कर यार. म्हणजे बहुतेक मीच म्हातारी झाले. सोडून दे.

खरी काळजी तुझ्या निर्जळीची आहे. त्या उन्हात दिवसभर पाण्याचा थेंब नाही, हे वय आहे का? पाणी घे आणि देवाची माफी माग, त्याला सवय आहे आपली.

इकडे मंगळवारचं भजन नेमाने चालू आहे. नवीन एक बाई येतात, मिसेस रामखेलावन. त्रिनिदादच्या, म्हणजे तुझ्या त्या समुद्रातल्याच. त्यांच्या पणज्याला आपल्याकडून तिकडे उसाच्या मळ्यावर नेलं होतं म्हणे. हिंदी अजिबात येत नाही, पण भजन असं म्हणतात की अंगावर काटा यावा. सध्या मुलीकडे गेल्यात, तेवीसला परत येतील. तुला बेटांचं काही विचारायचं असलं तर मी विचारीन. तो फोटो पाठव, त्यांना दाखवते. मलाही आप्पांचं झाड बघायचंय.

ऋताला गोड पापा. अबोलीशी जरा सबुरीने घे, चांगली आहे पोरगी.

आशीर्वादाचा हात डोक्यावर असू दे.
तुझी,
रत्ना

•

॥ श्री ॥
पार्सिपनी
मंगळवार, १६ जून २०२६ (निज ज्येष्ठ लागला)

चि. सौ. रत्नास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोटो सोबत ठेवलाय. फ्रिजवरून काढताना कोपरा फाटला, नेमका ज्या कोपऱ्यात पाटी होती तो. जाऊ दे, झाडं शाबूत आहेत.

तुझं कसंसंच वाटणं वाचून हसू आलं. अगं, गोऱ्या लोकांना ऊन लागतं, ते त्यासाठीच एवढे पैसे भरून जातात. इथे पार्सिपनीत मे महिन्यात पहिलं ऊन पडलं की शेजारची बाई अंगणात आडवी होते, मला वाटायचं हिला भोवळ आली. आपल्याला सावली, त्यांना ऊन, भांडण कशाला?

अधिक महिना निर्विघ्न पार पडला. प्रवासासाठी म्हणून आज देवापुढे नारळ फोडला, तो नासका निघाला. अबोलीचा चेहरा उतरला. मी तिला सांगितलं, नासका निघाला म्हणजे देवाने आतून खाल्ला, आपल्याकडे शुभच धरतात. मग दुसरा फोडला, त्यात पाणीच नव्हतं. दुकानदाराला परत करायला अवधूत काही गेला नाही.

ऋताने चित्र काढलंय. निळा समुद्र, एक कासव, मी पांढऱ्या पातळात, आणि माझ्या डोक्यावर लाल पट्टा बांधलेलं झाड. झाडाला तिने हिरवे गोळे लावलेत. मी विचारलं हे काय, तर म्हणाली ॲपल्स. फोटोत फळं दिसत नाहीत, पण पोरांचं डोकं. खणाचं परकर-पोलकं तिला माझ्या बीचच्या दिवशी घालायचंय. ते वाळूत मळणार म्हणून मी नको म्हणत होते, पण मग हो म्हटलं. आजीचा दिवस आहे.

आता अबोलीचा नवा कायदा ऐक. बेटावर पोचलं की सगळ्यांचे फोन त्या घरातल्या तिजोरीत. ऑफिसचं एक अक्षर नको म्हणते. आठवड्यात एकदाच, शुक्रवारी दुपारी काढायचे. अवधूतने तोंड वाकडं केलं पण मी तिच्या बाजूने मत दिलं. तू म्हणालीस ना सबुरीने घे? घेतलं. तेव्हा आठवडाभर माझा फोन लागला नाही तर जीव टांगणीला लावून बसू नकोस. मी पत्र टाकीन, फ्रेंच पोस्टाचं तिकीट तुझ्या संग्रहाला होईल.

निर्जळी सोडणार नाही. गेल्या वर्षी तापामुळे मोडली तेव्हापासून मनाला लागून राहिलंय. द्वादशीला सकाळी फळाने सोडीन.

बाळकृष्णाची लहान मूर्ती आणि ताम्हन बरोबर घेतेय. पोळपाट राहिला, अबोली जिंकली.

तुझी काळजी पोचते, म्हणूनच इथे निवांत असते. अशीच करत राहा.
तुझी,
ताई

•

मॉरिसव्हिल
बुधवार, २४ जून २०२६

ताई,

आज नमस्कार-चमत्कार काही लिहीत नाही. हे पत्र तुमच्या दारातल्या पेटीत पडून राहणार आहे हे मला कळतंय. बेटावरच्या घराचा पत्ता तू दिला नाहीस आणि मीही विचारला नाही. पण कालपासून फोन करून करून बोटं दुखली, आणि हाताला काही काम दिलं नाही तर मी वेडी होईन.

तुझा फोटो मी पोथीत खूण म्हणून ठेवला होता. काल भजनाला पोथी उघडली, तो खाली पडला. मिसेस रामखेलावननी उचलला. मी कौतुकाने सांगायला लागले की ही आमच्या वडिलांची झाडं. त्यांनी मला मध्येच थांबवलं. फोटोवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, कोण जाणार आहे इथे? मी म्हटलं, माझी बहीण, तिची नात. त्यांनी मला हाताला धरून बाजूला नेलं.

ताई, तो गेरू नाही. तो धोक्याचा रंग आहे. तिकडे विषारी झाड असलं की बुंध्यावर लाल पट्टा मारतात, म्हणजे माणसाने लांब राहावं. म्हणून त्या सावलीत कोणी नव्हतं. त्या पाटीवर तेच लिहिलेलं असणार. पाऊस आला तर त्या झाडाखाली उभंसुद्धा राहायचं नाही, पानांवरून गळणाऱ्या पाण्याने अंगावर फोड येतात. फांदी जाळली तर धुराने डोळे जातात. आणि फळ. लहानसं, हिरवट पिवळं, सफरचंदासारखं, वासाला गोड. त्यांच्या चुलतभावाने लहानपणी अर्धं खाल्लं होतं. पहिल्यांदा गोड आहे म्हणाला, मग तिखट लागतंय म्हणाला, मग त्याला काही म्हणताच येईना, घसा आवळत गेला. जुने लोक त्याला मरणाचं सफरचंद म्हणायचे.

सुशांतने अवधूतला, अबोलीला, तुला, सगळ्यांना निरोप टाकलेत. एकही पोचलेला दिसत नाही. अवधूतच्या ऑफिसच्या मेलवरून आपोआप उत्तर आलं की तो एकोणतीसपर्यंत सुट्टीवर आहे. बेटाचं नावही तू लिहिलं नाहीस, म्हणून तिकडच्या सगळ्या फ्रेंच बेटांच्या पर्यटन खात्यांना सुशांतने फोटो पाठवलाय, तिथून अजून काही नाही. किनारा कुठला ते फोटोच्या मागे लिहिलेलं नाही, पाटीचा कोपरा तर फाटलेलाच आहे.

तुला आप्पांचं झाड सोडू नकोस असं मीच लिहिलं. मला कसंसंच वाटलं होतं, तेही मीच सोडून दे म्हटलं.

देवाने त्या तिजोरीची किल्ली एकदा कुणाच्या तरी हातात द्यावी. देवघरात बसलेय. उद्या गुरुवार.

रत्ना

•

॥ श्री ॥
मुक्काम बेटावर
गुरुवार, २५ जून २०२६, निर्जळा एकादशी

चि. सौ. रत्नास,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तिकीट बघितलंस का, किती सुंदर! पोस्टातल्या बाईने मोड अगदी मोजून दिली. उद्या सकाळी अवधूत धावायला जाताना हे पत्र पेटीत टाकणार आहे, म्हणून आता दिवेलागणीलाच लिहायला बसले.

आजचा माझा दिवस सोन्यासारखा गेला. अवधूतच्या बीचवर लाटांनी आम्हाला उभं राहू दिलं नाही, अबोलीच्या झोपाळ्यासाठी रांग होती, ऋताला कासव दुरून एकच दिसलं. पण माझा बीच! गाडीतून उतरल्याबरोबर मी आप्पांना हात जोडले. ओळीने पट्टे मारलेली झाडं, खाली गार वाळू, आणि अख्खी सावली आमची एकट्यांची. पाटीही होती, पण ऊन खाऊन तिच्यावरची अक्षरं उडून गेलेली. अवधूत आणि अबोली नळ्या लावून मासे बघायला लांब पोहत गेले, त्यांना परत यायला बराच वेळ लागला. मी बुंध्याला टेकून जप केला. ऋता परकर खोचून वाळूचं देऊळ करत होती.

मध्येच पावसाची एक सर येऊन गेली. उन्हातले सगळे गाड्यांकडे पळाले, आम्ही आजी-नात झाडाखालीच बसलो. पानांतून गळत होतं तेवढंच, ऋताला त्या थेंबांची गंमत वाटली, तोंड वर करून बसली होती. तेवढ्यात शहाळी विकणारी एक बाई लांबून हातवारे करत ओरडत आली. मला वाटलं छत्री भाड्याने घ्या म्हणते, मी हातानेच नको म्हटलं. ती आली ती थेट ऋताचा हात धरून तिला ओढायला लागली, पोरीने वाळूतून उचललेलं फळ हातातून घेऊन लांब भिरकावलं, आणि बुंध्यावरचा पट्टा मला पुन्हा पुन्हा दाखवायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सरकारी झाड आहे, फळाला हात लावू नका, असं म्हणत होती बिचारी. मी मान डोलावली. तिला दोन युरो देऊ केले तर तिने घेतले नाहीत, कपाळाला आणि छातीला हात लावून काहीतरी पुटपुटली आणि आम्हाला झाडाखालून उन्हात आणून सोडल्यावरच गेली. किती इमानी बाई! इथे सरकारी झाडाला लोक अजून एवढं मानतात.

पण आप्पा काय सांगायचे? झाडावरचं तोडायचं नाही, खाली पडलेलं उचलायला हरकत नाही. तिची पाठ वळल्यावर मी खाली पडलेली सात फळं वेचून पिशवीत घातली. ऋताच्या चित्रातली तीच बघ, लहान सफरचंदासारखी, आणि काय सांगू तुला वास, पेरू आणि आंबा एकत्र केल्यासारखा. द्वादशीच्या पारण्याला फळ विकत आणायचं वाचलं, देवानेच समोर ठेवलं.

ऋताच्या खांद्यांवर आणि गालावर लाल चट्टे आलेत, माझ्या हातावरही बारीक पुरळ आहे. ऊन लागलं म्हणून अबोलीने कुठलंसं क्रीम लावलं, मी वरून खोबरेल चोळलं. पोर जरा किरकिर करत झोपली. डोळे चुरचुरतात म्हणत होती, खारं पाणी गेलं असणार. शहाळीवालीचं मी या दोघांना सांगितलं नाही, आणि फळंही दाखवली नाहीत. बाहेरचं फळ म्हटलं की अबोली आधी फोनवर शोधत बसते, आणि फोन तर उद्या दुपारी निघणार. उगाच माझ्या दिवसाला नाट कशाला.

फळं धुऊन, पुसून ताम्हनात बाळकृष्णापुढे मांडलीत. घशाला कोरड पडलीय पण मन तृप्त आहे. ऋताने सारखी मागितली, दोनदा वास घेऊन गेली. मी तिला समजावलं, आज आजीची एकादशी, आधी देवाला, मग तुला. लहान मुलाच्या मुखातून देव जेवतो, म्हणून सकाळी नैवेद्य दाखवला की पहिली फोड तिच्याच हातावर ठेवणार, मग मी सोडणार. तिने मला गळ्याची शपथ घ्यायला लावलीय.

एवढं चांगलं फळ आणि नाव माहीत नाही, हे मनाला पटत नाही. वहीत काय म्हणून लिहू? तुझ्या त्या त्रिनिदादच्या बाईंना विचार, त्यांना नक्की ठाऊक असेल. सगळ्यांना आशीर्वाद. तुझी माया घट्ट धरून आहे. फळाचं नाव मात्र न विसरता उलट टपाली कळव.

तुझी,
ताई